इंटरनेट कंपनीचा 'बेकायदा डाउनलोड'चा मेल आला, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कासारवडवलीच्या घरी इंटरनेट कंपनीचा मेल आला: तुमच्या कनेक्शनवरून एक सिनेमा टोरंटने बेकायदा उतरवल्याची तक्रार आहे, पुन्हा असं झालं तर सेवा बंद होईल. बारावीतला मुलगा 'मी नाही' म्हणतो आणि तुमचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. तुम्ही घरूनच ड्रॉइंगचं काम करता, त्यामुळे नेट बंद पडणं परवडणार नाही. मेल खरा आहे का, पोलीस येतील का, कंपनी आपलं सगळं बघते का आणि व्हीपीएन (आपली वाहतूक दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) घेतलं तर सुटका होईल का, हे तुम्हाला हवंय.

मी अठरा वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे नेटवर्कचं काम करतोय. सुरुवात गच्च्यांवरून केबल ओढण्यापासून झाली, आता असले मेल जिथे येऊन पडतात त्या टेबलावर बसतो. त्यामुळे उत्तर टेबलाच्या अलीकडून देतो.

आधी मुलाचं. कंपनीतल्या कुणीतरी पडद्यावर तुमच्या घरात काय चाललंय ते पाहिलं आणि तक्रार केली, असं तुम्हाला वाटतंय. तसं कुणी बघत बसत नाही, आणि आमच्याकडे तेवढी माणसंही नाहीत. टोरंटची पद्धत ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणली तीच मुळी वाटून घेण्यासाठी. मोठ्या फाइलचे तुकडे होतात आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला असेल तो इतरांना देत राहतो. तुम्ही उतरवायला घेतलं की थोड्याच वेळात तुमचं मशीन दुसऱ्यांना तुकडे पाठवायला लागतं. त्यासाठी तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर तुमचं कनेक्शन ओळखायचा आकडा, त्या फाइलवर जमलेल्या सगळ्यांना दिसावाच लागतो. पंगतीत बसल्यावर शेजाऱ्याला आपलं पान दिसणारच. निर्मात्यांनी नेमलेल्या कंपन्या त्याच पंगतीत येऊन बसतात, कोणकोणते पत्ते जेवतायत त्याची यादी उतरवतात आणि तो पत्ता कोणत्या पुरवठादाराचा आहे ते सार्वजनिक नोंदीत बघून त्याच्या तक्रारीच्या मेलवर पत्र सोडतात. हे सगळं यंत्र करतं. पत्रात बहुतेक वेळा अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याचा हवाला असतो. तो कायदा घोडबंदर रोडला लागू नाही, पण छापील मजकुराला त्याची फिकीर नसते.

आता ही तक्रार तुमच्या घरापर्यंत कशी पोहोचते, ते जरा सावकाश सांगतो, कारण तुमच्या मुलाची बाजू इथेच आहे.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगात संपले. मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाला. त्यामुळे छोटे-मोठे बहुतेक पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात. आमच्या भाषेत याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्याकडे असं आहे का, ते पाहायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' असं लिहिलेलं असतं. तो आकडा १००.६४ ते १००.१२७ मध्ये किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही एकटे नाही. एखाद्या साइटवर 'माझा आयपी' तपासून जो पत्ता दिसेल, त्याच्यामागे तुमच्यासोबत पूर्ण टॉवर असू शकतो, शेजारचाही. अशा वेळी नेमकं घर शोधायला पत्त्याबरोबर पोर्ट नंबर (एकाच पत्त्यामागची वेगवेगळी जोडणी ओळखायचा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. तक्रारीत पोर्ट नसेल तर आम्हीही अंधारात. मग काही ऑपरेटर काय करतात? त्या पत्त्यामागच्या सगळ्यांना एकच मेल पाठवतात. आपण कारवाई केली हे कागदावर दिसतं, तक्रारदार गप्प बसतो आणि शे-दीडशे घरांत बापलेकांची भांडणं लागतात.

वेळेचा घोळ तर मी स्वतः घातलाय. तेव्हा एका पुरवठादाराकडे होतो. तक्रारीत १४ तारीख, १९:१० अशी वेळ होती. मी संध्याकाळी सात-दहा समजून नोंदी काढल्या आणि ऐरोलीच्या एका निवृत्त शिक्षकांना इशारा गेला. तक्रारीतली वेळ यूटीसी, म्हणजे जगभर संदर्भाला धरतात त्या घड्याळाची होती. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे खरी वेळ १४ ची मध्यरात्र उलटून १५ तारीख लागल्यावर बारा-चाळीसची. तेव्हा तो पोर्ट दुसऱ्याच घराकडे होता. माफी मागायला गेलो तर गुरुजींनी चहा पाजला आणि टोरंट म्हणजे काय ते समजावून घेतलं. ते यूट्यूबवर कीर्तनं ऐकत असत, बाकी काही नाही. तेव्हापासून यूटीसी की आयएसटी (भारतीय वेळ) हे तपासल्याशिवाय मी कुणाला मेल जाऊ देत नाही. पण प्रत्येक टेबलावर मी बसलेलो नाही.

म्हणून मुलावर आवाज चढवण्याआधी कंपनीकडे चार गोष्टी मागा: तक्रारीतला सार्वजनिक पत्ता, पोर्ट, तारीख-वेळ कोणत्या घड्याळाप्रमाणे आहे ते आणि फाइलचं नाव. फाइलचं नाव पाहून घरातल्यांना बहुधा एका मिनिटात कळतं. कोरियन मालिकेचा तिसरा सीझन असेल तर तो आजोबांनी उतरवलेला नसतो.

पोलीस येतील का? कायदा काय म्हणतो ते स्पष्ट सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. म्हणजे कायद्याला दात आहेत. पण माझ्या पाहण्यातल्या कारवाया साइट चालवणारे, थिएटरात कॅमेरा लावणारे आणि प्रती विकणारे यांच्यावर झाल्या. एक सिनेमा उतरवला म्हणून घरी पोलीस आल्याचं एकही प्रकरण माझ्या टेबलावरून गेलेलं नाही. याला परवानगी समजू नका. मी फक्त माझा अनुभव सांगतोय.

२०१६ चा एक किस्सा आठवतो. ऑगस्टमध्ये बंद केलेल्या साइटवर गेलं की एक पान यायचं: हा मजकूर बघणं, उतरवणं, प्रती काढणं हा गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड. आमचे फोन तीन दिवस वाजत होते. 'लिंकवर चुकून बोट पडलं हो, नाव काढून टाका.' तिकडे मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही. वाटप, सार्वजनिक प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणं, ही बाब वेगळी. त्या पानाचा मजकूरही मग बदलावा लागला. टोरंटचा मुद्दा इथेच अडतो. 'मी फक्त बघायला घेतला' असं म्हणता येत नाही, कारण बघता बघता तुमचं मशीन वाटतही असतं. लहान मुलांचं लैंगिक चित्रण मात्र पूर्ण वेगळं प्रकरण आहे. आयटी कायद्याच्या कलम ६७बी खाली ते शोधणं आणि पाहणंसुद्धा गुन्हा आहे आणि त्यात पोलीस खरोखर येतात.

तुमचा पुतण्या जर्मनीत आहे आणि त्याच्या मित्राला वकिलाकडून काही शे युरोंची मागणी आली, असं तुम्ही लिहिलंय. ते खरं असणार. तिथे हा वकिलांचा चालता व्यवसाय आहे. कॅनडात २०१५ पासून पुरवठादाराने तक्रार ग्राहकाकडे पोहोचवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. अमेरिकेत २०१३ ते २०१७ या काळात मोठ्या कंपन्यांनी सहा इशाऱ्यांची पद्धत चालवली आणि मग गुंडाळली. ते अनुभव वाचून इथे घाबरू नका. आपल्याकडचा मेल हा कंपनीने तुमच्याशी केलेल्या कराराच्या जोरावर येतो. फॉर्मवर सही करताना 'बेकायदा वापर करणार नाही' हे आपण मान्य केलेलं असतं. त्याखाली सेवा थांबवता येते, दंड मात्र आकारता येत नाही.

याच खुणेवरून खरा-खोटा मेल ओळखा. इशाऱ्यात पैसे मागितले असतील तर तो चोर आहे. ब्राउझर अडकवून मंत्रालयाचा सिंह आणि 'तासाभरात दंड भरा' असं पान दाखवणारे, सीबीआयच्या नावाने मेल पाठवणारे, व्हिडिओ कॉलवर खाकी घालून 'डिजिटल अरेस्ट' करणारे, सगळे त्याच माळेचे मणी. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली निघते आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. खात्री करायची असेल तर मेलमधल्या लिंकवर न जाता बिलावरच्या नंबरवर कंपनीला फोन लावा.

आता कंपनीला काय दिसतं ते. तुमचं नाव, ओळखपत्र, पत्ता, मोबाइल. घरातल्या राउटरच्या डब्याचा नंबर. लाइन कधी चालू झाली, किती डेटा गेला. कोणत्या वेळी कोणता पत्ता आणि पोर्ट तुमच्याकडे होता. ही नोंद ठेवणं परवान्याची अट आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने तिची मुदत एक वर्षावरून दोन वर्षं केली. कोणत्या साइटवर गेलात, तिचं नाव साधारणपणे दिसू शकतं. साइटवर काय वाचलंत, बँकेत काय भरलंत, कुणाला काय लिहिलंत हे दिसत नाही, कारण आता जवळपास सगळ्या साइट कुलूपवाल्या, म्हणजे एचटीटीपीएस. उदाहरणार्थ, तुम्ही एखाद्या रुग्णालयाच्या साइटवर गेलात हे आम्हाला कळेल, कोणत्या आजाराचं पान उघडलंत ते कळणार नाही. पण रोज रात्री दोन वाजता तीच साइट उघडत असेल तर पान बघायची गरजही उरत नाही. मला यातली खरी अडचण ही वाटते, सिनेमाची नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदाही झाला. तरी तुमच्या गल्लीतल्या फ्रँचायझीच्या संगणकावर ग्राहकांची ओळखपत्रं एका उघड्या फोल्डरमध्ये पडलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. ऑपरेटर तुमचं ब्राउझिंग बघतो का, याची चिंता करण्याआधी आधारची झेरॉक्स दिली ती कुठे गेली हे विचारा. पुढच्या वेळी मास्क केलेली, म्हणजे आधारचे काही आकडे झाकलेली प्रत द्या आणि तिच्यावर 'फक्त इंटरनेट कनेक्शनसाठी' असं तारखेसह आडवं लिहा.

व्हीपीएनने सुटका होईल का? व्हीपीएन घेतलं की आम्हाला दिसायचं ते व्हीपीएनवाल्याला दिसतं. एवढाच फरक. कॅफेच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायवर काम करताना किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर जाताना ते जरूर वापरा. पण सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार भारतात व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. ते नको म्हणून काही नामांकित कंपन्यांनी आपले सर्व्हर इथून हलवले. आणि फुकटचं व्हीपीएन तर अजिबात नको. होला नावाच्या फुकट सेवेचा प्रकार २०१५ मध्ये उघड झाला: ती आपल्या वापरणाऱ्यांच्याच जोडण्यांतून परक्यांची वाहतूक सोडत होती. म्हणजे भलत्याच्या उद्योगांवर आयपी पत्ता तुमचा. बारावीतल्या मुलांच्या फोनमध्ये असं एखादं फुकट अ‍ॅप असतंच. तुमच्या घरी आधी ते शोधा. मुलगा 'मी नाही' म्हणतोय ते अगदी खरं असेल आणि तरी तक्रारही खरी असेल, असं यातून घडू शकतं.

तसंच घडू शकतं वाय-फायमुळे. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या भागाला हा धडा फार आधी मिळाला होता. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये स्फोट झाले, त्याच्या जरा आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग निघाला थेट सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत. तिथल्या वाय-फायला संरक्षण नव्हतं आणि भलत्याच कुणीतरी ते वापरलं होतं. आयपी पत्ता मात्र त्या घराचा होता, त्यामुळे चौकशीला आधी सामोरं जावं लागलं ते तिथल्या भाडेकरूला. दुसऱ्याच वर्षी दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. आज पासवर्ड सगळ्यांकडे असतो, पण तो सोसायटीच्या वॉचमनपासून खालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतो. कोपरखैरण्यात एका घरमालकाने तीन मजल्यांवरच्या नऊ भाडेकरूंना आपलंच कनेक्शन वाटलं होतं, महिना दीडशे रुपये घेऊन. कुणीतरी त्यावरून ऑनलाइन फसवणूक केली. पोलिसांचं पत्र आमच्याकडे आलं आणि आम्हाला एकच नाव देता आलं, घरमालकाचं. नऊजणांपैकी कोण, हे सांगायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. घरमालक सुटले, पण पाच-सहा वेळा पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढून. शिवाय परवाना नसताना असं नेट विकणं हीदेखील चूकच.

तेव्हा आज रात्री पासवर्ड बदला. राउटरच्या पानाचा 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' हा पासवर्डही बदला, डब्लूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट वाय-फाय चालू करा. जोडलेल्या उपकरणांची यादी त्याच पानावर दिसते. तिच्यात ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं तर बदलण्याआधी फोटो काढून ठेवा.

शेवटी तुम्ही न विचारलेलं एक. घरून ड्रॉइंगचं काम करता म्हणालात. त्यातलं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं आहे का? सिनेमापेक्षा मला याची जास्त धास्ती आहे. कलम ६३बी खाली कॉम्प्युटर प्रोग्रॅमची चोरटी प्रत माहीत असून वापरणं हाच गुन्हा आहे: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर थांबू शकतं, पण तुमचा वापर तर धंद्याचाच आहे. त्यात अशी सॉफ्टवेअर उगाच नेटवर जाऊन आपल्या निर्मात्याला चुगली करतात, मग त्या कंपनीच्या वकिलाचा मेल येतो. दुसरं, 'क्रॅक'च्या, म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणाऱ्या फाइलच्या पोटात काय असतं ते पाहा. स्टॉप ऊर्फ डीजेव्हू नावाचा खंडणीवाला व्हायरस बऱ्याच अंशी क्रॅक आणि की-जेन (खोटी परवाना-किल्ली बनवणारे प्रोग्रॅम) यांमधूनच पसरला. वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याची सात वर्षांची ड्रॉइंग एका दुपारी कुलूपबंद झाली. बॅकअपची डिस्क त्याच मशीनला लावलेली होती, तीही गेली. फ्रीकॅड, लिब्रेकॅड ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर फुकट आणि कायदेशीर आहेत. तुमच्या कामाला पुरतील की नाही ते तुम्हीच पाहा, मी ड्रॉइंगवाला नाही.

टोरंट प्रोग्रॅम मशीनमध्ये सापडला तर नुसती खिडकी बंद करून भागत नाही. तो खाली घड्याळाशेजारी जागा राहतो, वाटप चालूच असतं आणि मशीन सुरू झालं की आपोआप उठतो. तो पूर्ण काढा. कायदेशीर कामाला, म्हणजे लिनक्सची प्रत वगैरे उतरवायला, टोरंट वापरण्यात काही गैर नाही.

कंपनीला उत्तर मात्र द्या, गप्प राहू नका. एवढंच लिहा: 'आपला अमुक तारखेचा मेल मिळाला. तक्रारीतला आयपी पत्ता, पोर्ट, यूटीसी की आयएसटी हे स्पष्ट केलेली वेळ आणि फाइलचं नाव कळवावं. माझ्या कनेक्शनला त्या वेळी सामाईक पत्ता होता का, तेही कळवावं. दरम्यान वाय-फायचा पासवर्ड बदलला असून घरातली उपकरणं तपासत आहे. सेवा थांबवण्याआधी लेखी कारण मिळावं.' 'मुलाने केलं असेल, माफ करा' असं त्यात लिहू नका. ते अजून कुणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही.